कोठार आणि कूड

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर मुट्टुकाडू इथे ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय आहे. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकारानं मद्रास क्राफ्ट फाउंडेशननं ते उभारलं आणि १९९६ साली लोकांसाठी खुलं केलं. आराखड्यामागे लॉरी बेकर होते, बांधणीत बेनी कुरियाकोस. इथे वस्तूंपेक्षा घरं पाहायची असतात. दक्षिणेतली जुनी घरं पाडली जाण्याच्या बेतात असताना विकत घेतली, सुटी केली आणि इथे आणून पुन्हा जोडली. त्यांतली दोन घरं शेतीवर उभी राहिलेली आहेत. एक कोट्टयमजवळच्या पुदुपळ्ळीतलं, एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबाचं, १८५० सालचं. दुसरं तंजावर भागातल्या शेतकऱ्याचं.

पुदुपळ्ळीचं घर सागवान आणि फणसाच्या लाकडाचं आहे. मधोमध चौक नाही, घराचा गाभा म्हणजे धान्याचं कोठार. मल्याळममध्ये कोठाराला ‘अरा’ म्हणतात आणि फळ्यांच्या लाकडी भिंतीला ‘निरा’. केरळी सुतारकामात सगळी मदार खाचा आणि खुंट्यांच्या सांध्यांवर असते, म्हणून असं घर जाणत्या सुताराला एखाद्या पेटाऱ्यासारखं खोलता येतं आणि परत बसवता येतं.

तंजावरच्या घराचं तसं नाही, ते मराठी वाचकाला लगेच ओळखीचं वाटतं. रस्त्याकडेचा ‘तिण्णै’ म्हणजे आपला ओटा, आतला ‘मुट्रम’ म्हणजे चौक. व्यंकोजीराजांनी १६७६ साली तंजावर घेतलं, १८५५ साली ती गादी संपली. पण मला इथे राजवटीपेक्षा एक शब्द जास्त खुणावतो. तंजावरातल्या बड्या जमीनमालकाला तमिळमध्येही ‘मिरासदार’च म्हणतात. तिथल्या सरकारी रुग्णालयाचं नावही राजा मिरासदार रुग्णालय असं आहे. आपल्याकडे मिरासदाराच्या समोर उपरी असायचा, गावात वंशपरंपरागत हक्क नसलेला. तिकडे मिरासदारासमोर ‘पुरकुडी’. ‘पुरम’ म्हणजे बाहेर, ‘कुडी’ म्हणजे राहणारा. शब्द वेगळा, जागा तीच. अनुवाद करताना असा जोड सापडला की बरं वाटतं. इथे तो सापडला तेव्हा घरात कोण दिसत नाही, हेही कळलं.

पुरकुडीच्याही खाली ‘पण्णैयाळ’ होता, मालकाच्या शेतावर बांधलेला मजूर, बहुतेक दलित. त्याला बेदखलीपासून आणि तुटपुंज्या मजुरीपासून संरक्षण द्यायला १९५२ साली तंजावरपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. एवढ्यानं भागलं नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरी आणि संघटनेच्या वादातून जमीनदारांच्या माणसांनी मजूरवस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली ४४ माणसं जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते. इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुदिप्पुनल’ या कादंबरीला, जिला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हीच घटना आधाराला आहे.

मिरासदाराच्या कोठारातलं भात ज्यांनी लावलं, कापलं, मळलं आणि वाहून आणलं, ते अशा झोपड्यांत राहत. मातीच्या भिंती, माडाच्या किंवा ताडाच्या झापांचं छप्पर. आपल्याकडे कुडाचं घर म्हणतात तसलं. ते सुटं करून ट्रकवर चढवता येत नाही. छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारायचं, भिंत पावसाळ्यानंतर लिंपायची, म्हणजे ते कधी जुनं होतच नाही. दक्षिणचित्रात मातीची घरंही आहेत. विशाखापट्टणम भागातल्या हरिपुरमच्या धर्तीचं गोल ‘चुट्टिल्लु’ त्यांपैकी एक. अशी घरं इथे नव्यानं बांधावी लागतात. सागवान स्वतः येतं, मातीचं फक्त रूप येतं.

पण नुसत्या सामानाचा हा प्रश्न नाही. घर जपायचं तर आधी ते कुणाच्या तरी नावावर असावं लागतं. पुदुपळ्ळीचं घर विकायला वारस होते. पण्णैयाळाची झोपडी मात्र मालकाच्या जमिनीवर असायची. कामावरून काढलं की छप्परही गेलं. वस्तीच्या अशा जागेला तमिळमध्ये ‘कुडियिरुप्पु’ म्हणतात, राहण्याचं ठिकाण. तमिळनाडूनं १९७१ साली कायदा करून शेतमजुरांना त्या जागेची मालकी दिली.

दक्षिणचित्रातलं तंजावरचं घर पाहणाऱ्यांनी १९७१ चं हे साल सोबत ठेवावं, असं मला वाटतं. घराची सुंदर चौकट त्यामुळे कमी सुंदर होत नाही. फक्त तिच्यातून आत येणारं भात कुठून येत होतं, ते दिसू लागतं. शिवाय कुडियिरुप्पुच्या त्या जागांवर आता पक्की घरं उभी राहिली आहेत. त्यांच्या दारातही कुणी तरी ओटा बांधला असेल. वारसा म्हणून जपण्याजोगं पहिलं घर त्या कुटुंबांच्या हाती आलं, ते तिथे.