पडद्यावरचे स्वराज्य आणि सातारचे प्रतिसरकार

चित्रपट म्हणजे करमणूक, असे आपण म्हणतो. इंग्रज सरकारने मात्र त्याला कधीही निव्वळ करमणूक मानले नाही. १९१८ साली कायदा झाला आणि सेन्सॉरच्या परवान्यावाचून चित्रपट दाखविणे अशक्य झाले. १९२६ साली भालजी पेंढारकरांनी 'वंदे मातरम् आश्रम' काढला. त्यात इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका होती, म्हणून त्याला कात्री लागली. १९३० साली कोल्हापुरात प्रभातच्या शांतारामबापूंनी शिवचरित्रावर चित्रपट रचला व शिवाजीची भूमिका स्वतःच केली. त्याचे नाव 'स्वराज्याचे तोरण' होते. हरकत आली ती या नावालाच! अखेर तो 'उदयकाल' होऊन लोकांपुढे आला. मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या वर्षी तीनशे वर्षांपूर्वीचे स्वराज्यदेखील सरकारला सोसवेना, यातच सारे आले.

याचा परिणाम असा झाला की, परसत्तेविरुद्धचा लढा पडद्यावर ऐतिहासिक पोषाखातच वावरू शकला. परंतु ज्या मुलखात आपण आज बसलो आहोत, तेथे हाच लढा धोतर-पटक्यातल्या शेतकऱ्यांनी उघड्यावर मांडला. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा बराचसा भाग. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावावयास निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरास उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांनी देह ठेवला. निःशस्त्र मोर्च्याला मिळालेले हे उत्तर पाहून पुष्कळ तरुण भूमिगत झाले, आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले.

या सरकारने गावोगाव न्यायदान केले, सावकारी व दरोडेखोरी यांना आळा घातला, कमी खर्चाचे गांधी-विवाह लावले. जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना हे त्याचे लष्कर होते. कुंडल हे त्याचे मोठे केंद्र. कुंडल औंध संस्थानात होते आणि औंधच्या राजांनी १९३९ सालीच प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. म्हणून इंग्रज हद्दीतून निसटलेल्यांना तेथे आसरा मिळे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटलांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. त्या झटापटीत अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचा अंत झाला. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंची गोष्ट तर पटकथाकाराला सुचणार नाही अशी आहे. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर एक साथीदार दारूड्या नवरा झाला, हौसाताई मार खाणारी बायको झाल्या. भांडण सोडवावयास पोलिस बाहेर आले, आणि तेवढ्यात सोबत्यांनी ठाण्यातली हत्यारे लांबविली!

असल्या गोष्टी त्या काळी पडद्याने नव्हे, डफाने गावोगाव नेल्या. शाहीर शंकरराव निकमांसाठी पोवाडे रचणारे ग. दि. माडगूळकर हे याच माणदेशचे. त्यांची लेखणी पडद्याकडेही वळली. १९४८ साली राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेला 'वंदे मातरम्' निघाला; कथानक बेचाळीसच्या चळवळीचे, गीते माडगूळकरांची, भूमिका पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या. पुढे वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या 'फकिरा' कादंबरीवर १९६३ साली चित्रपट झाला. वारणेकाठच्या एका मांग वीराने हजेरीचा जाच आणि दुष्काळातली उपासमार यांविरुद्ध उचललेली ती तलवार होती. स्वराज्याची तहान केवळ कचेरीवर झेंडा लावण्यापुरती नव्हती, हे त्या कथेने दाखविले.

येथे अल्जिरियाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. तो देश १९६२ साली फ्रेंचांच्या ताब्यातून सुटला, आणि १९६६ साली जिल्लो पोन्तेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाने 'बॅटल ऑफ अल्जिअर्स' काढला. लढ्यातले एक सेनानी सादी यासेफ यांनीच त्यात आपल्यासारख्या सेनानीची भूमिका केली. बाकीचे बहुतेक नट म्हणजे तिथलीच साधी माणसे. पण त्याचे खरे मोल त्याच्या सचोटीत आहे. क्रांतिकारक स्त्री उपाहारगृहात बॉम्ब ठेवते, तेव्हा तेथे बसलेल्या बेसावध माणसांचे चेहरेही आपल्याला दिसतात. लढा न्याय्य आहे, तरी त्याची किंमत झाकलेली नाही.

आपल्यापुढचा प्रश्न हाच आहे. प्रतिसरकारला लोक 'पत्री सरकार' का म्हणत, हे येथे कोणाला सांगावयास नको. खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायांवर दिलेला मार हाही त्या न्यायाचा भाग होता. कोणी तो सांगताना हसतो, कोणी ओशाळतो. आमच्या मते दोन्ही टाळावे. ज्या गावाला कचेरीत न्याय मिळत नव्हता, त्याने तो कसा मिळविला आणि त्यात कठोरपणा कोठवर गेला, हे दोन्ही सांगणे म्हणजेच इतिहास. नुसती आरती ओवाळून हुतात्मे दूर जातात. त्यांची घालमेल कळली की ते आपले होतात.

नाना पाटील १९७६ साली गेले, हौसाताई २०२१ साली गेल्या. साक्ष देणारे आता फारसे उरलेले नाहीत. सेन्सॉरची ती कात्री केव्हाच गेली. उरली आहे ती विस्मृतीची. तिच्यावर लक्ष ठेवणारा मात्र कोणी सरकारी अधिकारी नाही. ते काम ज्यांच्या घरी या आठवणी आहेत त्यांचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे.