गावाच्या नावावरील टिंब

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौसर ह्या मराठी मुलखात, तिगाव लागते. नाव अवघे तीन अक्षरांचे. परंतु जुने कागद संगणकावर उतरविणाऱ्या अभ्यासकाला ते चकविल्यावाचून राहत नाही.

मोडी लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. त्यामुळे मोडी कागदात 'तिगाव' वाचावे की 'तीगाव', हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. पुढे इंग्रजी अमदानीत अधिकारी कानाला येईल तसे लिहू लागले. त्या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी हंटरसाहेबांनी १८७१ मध्ये स्थलनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका सिद्ध केली. तरीही तिगाव स्थानकाच्या रोमन नावात दोन 'ई' राहिलेच.

टिंबाची कथा तर आणखी बोधप्रद आहे. पूर्वी मराठीतही 'गांव' असेच लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि 'गाव' रूढ झाले. हिंदीत मात्र 'गांव' कायम राहिले. म्हणजे ते टिंब कधी कागदाचा काळ सांगते, तर कधी लिहिणाऱ्याची भाषा.

मग प्रमाण नाव कशाला हवे? तर, शोधणाऱ्यास सर्व कागद एकत्र सापडावेत म्हणून. हरियाणात फरिदाबादजवळही एक तिगाव आहे. दोहोंची गल्लत होता कामा नये. नुसता जिल्हा जोडून भागत नाही, कारण हे तिगाव २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्याचे नावही पुरेसे नाही. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यानंतरच्या मध्य प्रदेशाची भोपाळ.

म्हणून 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' ह्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या संकेतांनी दिलेली सोय मोलाची ठरते. कागदातील नाव जसेच्या तसे ठेवावयाचे आणि त्याच्या शेजारी प्रमाण रूप व त्या स्थळाचा कायम क्रमांक नोंदवावयाचा. वाचकाला मूळ पाठ मिळतो, शोधकाला गाव सापडते. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने मूळ अक्षरे आता संगणकावर जतन करता येतात.

ह्याउलट, एकसारखेपणाच्या हव्यासाने जुनी रूपे पुसली, तर यादी नीटनेटकी होईल खरी. पण दोन भाषांच्या सीमेवर नांदलेल्या गावाची साक्षच नष्ट होईल. प्रमाण नाव ही इतिहासात शिरण्याची वाट आहे. त्या वाटेसाठी इतिहासाचे घर पाडावयाचे नसते.