रेघवाले आणि ठिपकेवाले

टॅब्लेटवर चित्रं काढायला शिकायचं तर कोणतं ॲप घ्यावं, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. डॉक्टर आणि आंब्याची पेटी यांच्या बाबतीत माणूस जितका हट्टी असतो, तितकाच तो याही बाबतीत असतो. "हेच घ्या, डोळे मिटून घ्या!" असं जो तो सांगतो. डोळे मिटून चित्र कसं काढायचं, हे कोणी सांगत नाही. तेव्हा मी इतिहासात शिरलो. सोयरीक करण्याआधी घराणं बघावं, हा आमच्याकडचा जुना रिवाज.

तर घराणी दोन. पहिलं रेघवाल्यांचं. मूळपुरुष आयव्हन सदरलँड. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत या गृहस्थांनी डॉक्टरेटसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. यंत्र खोलीभर पसरलेलं, आणि त्याच्या पडद्यावर टेकवायला लाइट पेन. हात कितीही थरथरो, रेघ सरळच पडे. दोन रेघा समांतर कर म्हटलं की त्या निमूट समांतर होत. (आमचे दोन चुलते वाटणीनंतर कोणी न सांगताच समांतर झाले, तो भाग निराळा.) या घराण्यात रेघ कुठून निघून कुठे जाते याचं गणित यंत्र ध्यानात ठेवतं. त्यामुळे चित्र तिकिटाएवढं काढून दुकानाच्या पाटीएवढं केलं तरी त्याची कड फाटत नाही. बोधचिन्हं, अक्षरं, नक्षी असला डिझाइनचा मामला असेल तर याच घरात सोयरीक करावी.

दुसरं घराणं ठिपकेवाल्यांचं. १९८४च्या जानेवारीत मॅकिंटॉश हा संगणक आला, त्याच्याबरोबर बिल ॲटकिन्सन यांचं 'मॅकपेंट' आलं. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा. रंग दोन, काळा आणि पांढरा. डाव्या हाताला पेन्सिल, ब्रश, रंगाची बादली, खोडरबर अशी चित्रं ओळीने मांडलेली. चित्र बघून हत्यार उचलावं, पुस्तक उघडायला नको. एवढ्या सामग्रीवर सुझन केअर यांनी एका जपानी छापचित्रावरून केस विंचरणारी बाई काढली, ती आजही बघत राहावी अशी आहे. केलेलं मागे घ्यायची सोय होती, पण एकच पाऊल. त्यामागची चूक मुकाट्याने पदरात घ्यावी लागे.

पुढे संसार वाढला. थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं 'फोटोशॉप' १९९० साली बाजारात आलं. त्यात १९९४ साली एकावर एक थर आले आणि १९९८ साली पुष्कळ पावलं मागे जायची सोय आली. बटणं मात्र दिवाळीच्या फराळासारखी वाढत गेली.

खरी गंमत २००९ची. होर्हे कोलोंबो यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तासभर उभं राहून 'ब्रशेस' या ॲपमध्ये आयफोनवर नुसत्या बोटाने चित्र काढलं, आणि ते 'न्यूयॉर्कर'च्या मुखपृष्ठावर छापून आलं. २०१० साली आयपॅड निघाला. सत्तरी ओलांडलेल्या डेव्हिड हॉकनी यांनी त्याच ॲपवर यॉर्कशरचा वसंत ऋतू रंगवून २०१२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडला. ॲप बेताचं होतं, मोठी होती ती नजर. 'असली पेनं कोणाला हवीत!' म्हणून स्टीव्ह जॉब्झनी २००७ साली थट्टा केली होती. त्यांच्याच कंपनीने २०१५ साली पेन्सिल विकायला काढली. मोठ्या घराण्यांत असं चालतं.

हा सगळा खटाटोप आमच्या हिच्यासाठी. हिने शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. मग लग्न झालं, आणि पुढची पन्नास वर्षं हिची चित्रकला दारातली रांगोळी आणि लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या यांत मावली. सूनबाईने टॅब्लेट आणून दिला, हौसेने सात ॲपं भरून दिली. पंधरा दिवस तो कपाटात होता. विचारलं तर म्हणाली, "अहो, एवढी बटणं बघितली की वाटतं, विमान चालवायला बसलेय."

तेव्हा निवड सोपी झाली. पूजेची निमंत्रणं करायला 'कॅनव्हा' छान, पण ते तयार फराळाचं पाकीट आहे. टास्मानियातल्या मंडळींचं 'प्रोक्रिएट' उत्तम, पैसेही एकदाच द्यायचे. पण ते आयपॅडशिवाय कोणाकडे नांदत नाही, आणि आमचा टॅब्लेट निराळ्या जातीचा. राहिलं 'स्केचबुक'. घराणं ठिपकेवाल्यांचं, साधं चित्र काढायला पैसे लागत नाहीत, आणि हत्यारं बाजूला सारली की समोर कोरा कागद. बाकीची सहा सूनबाईकडूनच काढवली.

पहिल्या दिवशी हिने अळूचं एक पान काढायला तीसेक वेळा मागे घेतलं. "शाळेत रबर घासून कागदाला भोक पडायचं," म्हणाली, "म्हणून रेघ ओढायच्या आधीच हात थरथरायचा." काल पेन्सिलीचा एक थर आणि त्याच्याखाली रंगाचा, असं अख्खं अळूचं बन झालं. बराच वेळ बघून तिने विचारलं, "हे इंटरमिजिएटला चाललं असतं का हो?"

"परीक्षकाला विचारावं लागेल," मी म्हटलं.

"काही नको," ती म्हणाली, आणि पुढचं पान उघडून केळ काढायला घेतली.