विंचवाच्या विषावर उतारा

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव वसलेले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ह्या जोडगावांचे नाव दूरवर पोचले आहे. परंतु गोट्याची भीती वर्षातून एका दिवसाची. गोट्याखाली दडून बसणाऱ्या विंचवाची भीती मात्र शेतकऱ्याच्या घरी बारमाही असते. संत्र्याच्या झाडाला आळे करताना, कडब्याची पेंढी उचलताना, पहाटे अंधारात वहाणेत पाय घालताना ही भीती मनाच्या कोपऱ्यात जागी असते. सावरगावात काय किंवा कोकणातील एखाद्या वाडीत काय, ह्या बाबतीत मराठी खेड्यांची कहाणी एकच आहे.

विंचू चावला म्हणजे घरची माणसे प्रथम मांत्रिकाचे दार गाठीत. मंत्र, मुळी, धूर असे उपाय होत आणि विंचू ‘उतरे’. ह्या श्रद्धेला अनुभवाचा आधार नव्हता असे नाही. बहुतेक विंचवांचा दंश केवळ वेदनेवर निभावतो. काही तासांनी ठणका आपोआप शमतो आणि यशाचे माप मांत्रिकाच्या पदरात पडते. तांबड्या विंचवाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या दंशाने धडधाकट माणूस काही तासांत घामाने निथळतो, त्याचे हातपाय गार पडतात, श्वास कोंडतो, तोंडावाटे फेस येतो आणि पुष्कळदा तो दगावतो. लहान मुलांना तर हा धोका फारच मोठा. ह्या मरणाचे कारण शोधून त्यावर उतारा सापडला, तो इतिहास महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी घडलेला आहे.

हा इतिहास समजण्यासाठी आधी मज्जातंतूंचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे. प्रत्येक पेशीला एक अतिशय पातळ आवरण असते आणि त्या आवरणात सूक्ष्म द्वारे असतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ह्यांचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, ह्या द्वारांतून आत-बाहेर जातात. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सले ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकूळ ह्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून दाखविले की, मज्जातंतूतून संदेश धावतो तो सोडियम आत शिरल्यामुळे आणि पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे. ह्या कार्याबद्दल १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९७६ साली जर्मनीत नेहर आणि साकमन ह्यांनी अशा एकेका द्वारातून वाहणारा विद्युत्‌प्रवाह मोजण्याची युक्ती सिद्ध केली; त्यांना १९९१ साली तोच सन्मान लाभला. सोडियमचे द्वार क्षणाच्या एका अंशापुरते उघडते आणि लगेच मिटते. ते वेळेवर मिटते म्हणूनच शरीराचा व्यवहार सुरळीत चालतो. विंचवाच्या विषातील काही प्रथिने नेमका येथेच घाला घालतात. द्वार उघडते, परंतु ती प्रथिने ते मिटू देत नाहीत.

ज्या १९७६ साली जर्मनीतील प्रयोगशाळेत हे मोजमाप चालू होते, त्याच साली एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. हिम्मतराव बावस्कर हे त्या डॉक्टरांचे नाव. जालना जिल्ह्यातील देहेड ह्या खेड्यात १९५१ साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पांढुर्णा-सावरगावच्या लोकांना मोठ्या दुखण्यासाठी ज्या नागपूरची वाट धरावी लागते, त्याच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. गरिबीतून काढलेल्या त्या दिवसांची हकीकत त्यांनी पुढे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

कोकणात विंचूदंशाने माणसे फुप्फुसांत पाणी भरून मरतात, ही गोष्ट अगदीच अज्ञात नव्हती. १९६१ साली डॉ. मुंडले ह्यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले होते. परंतु त्यावर उपाय काय, ह्याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत मिळत नव्हते. ॲट्रोपिन, स्टेरॉइडे, गुंगीची औषधे, जे हाती असेल ते दिले जाई, आणि तरीही रुग्ण हातचे जात. बावस्करांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास, घाम ह्यांचे तासातासाचे टिपण ठेवले. ना प्रयोगशाळा, ना मोठी यंत्रे. रक्तदाब मोजण्याचे उपकरण, हृदयाचे ठोके ऐकण्याची नळी आणि वही हीच त्यांची साधने.

त्या टिपणांतून रोगाचा क्रम उलगडत गेला. उलटी, अंगभर सुटलेला घाम आणि गार पडलेले हातपाय ही पुढील संकटाची पूर्वसूचना असते, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आणखी एक गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या अगदी उलट निघाली. ज्याला दंशाच्या जागी असह्य ठणका लागतो तो बहुधा वाचतो. ज्याची वेदना थोडी परंतु अंग गार आणि ओलेचिंब, त्याचीच काळजी अधिक. रुग्ण सुधारू लागला म्हणजे ठणका पुन्हा जाणवू लागतो. म्हणजे घरच्या माणसांना जे भयाचे लक्षण वाटे, ते पुष्कळदा अभयाचे निघे.

मग मृत्यू येतो तो कसा? विषाने उघडी राहिलेली द्वारे मज्जातंतूंना अखंड चेतवीत राहतात. त्यांच्या टोकांतून आणि मूत्रपिंडावरील ग्रंथींतून नॉरॲड्रेनॅलिन, ॲड्रेनॅलिन ही द्रव्ये लोटच्या लोट रक्तात येतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत ही द्रव्ये ओळखणारे ग्राही असतात. १९४८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आल्क्विस्ट ह्यांनी अशा ग्राहींचे आल्फा आणि बीटा असे दोन वर्ग सांगितले होते. आल्फा ग्राही चेतविले गेले की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि मागे तुंबलेल्या रक्तातील पाणी फुप्फुसांत झिरपते. पाण्याबाहेर असूनही माणूस बुडून मरावा, तसा हा मृत्यू.

येथे औषधशास्त्रातील मूळ प्रश्न उभा राहतो. साखळी लांब आहे. घाव कोणत्या कडीवर घालावयाचा? पहिली कडी म्हणजे सोडियमचे द्वार. परंतु ती विष शिरल्याबरोबर निखळलेली असते आणि ती नेमकी सांधणारे औषध हाती नव्हते. बावस्करांनी पुढची कडी निवडली. रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेवाटे दिले असता फुप्फुसांतील पाणी उतरते, हे त्यांना दिसले. परंतु ते देताना थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागते. खेड्यातील दवाखान्याला ते झेपणारे नव्हते. त्याच सुमारास प्राझोसिन नावाची गोळी उच्च रक्तदाबावर वापरात आलेली होती. ती आल्फा ग्राहींनाच अडवून धरते. म्हणजे ज्या कुलपात विषाने उधळलेली किल्ली फिरत होती, तेच कुलूप ही गोळी बंद करीत होती.

डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या सहधर्मिणी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या दोघांनी ह्या गोळीचे अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यांच्या नोंदींप्रमाणे पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत; प्राझोसिन सुरू झाल्यावर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. ह्या औषधाचा शोध त्यांनी लावलेला नव्हता. ते दुसऱ्याच रोगासाठी तयार झालेले होते. त्याचे योग्य लक्ष्य विंचूदंशातही आहे, हे ओळखणे हा त्यांचा शोध. अशा शोधाला प्रयोगशाळेइतकीच रुग्णाची खाट उपयोगी पडते.

ह्याच विंचवाच्या विषाने पुढे शास्त्राची आणखी एक सेवा केली. १९९० साली अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधकांनी भारतीय तांबड्या विंचवाच्या विषातून ३७ ॲमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी केली. तिला आयबेरिओटॉक्सिन हे नाव मिळाले. पोटॅशियमच्या एका विशिष्ट द्वारावर ती बुचासारखी बसते. हे द्वार रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत लगामाचे काम करते. स्नायू फार आवळू लागला की ते उघडते आणि त्याला सैल करते. बूच बसविल्यावर काय बिघडते हे पाहून त्या द्वाराचे कार्य जगभरच्या प्रयोगशाळांना अजमाविता आले. पश्चिम आशियातील दुसऱ्या एका विंचवाच्या विषाचा असाच उपयोग करून मॅकिनन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने पोटॅशियम-द्वाराचे मुख नेमके कोठे असते हे शोधले. १९९८ साली त्याने अशा द्वाराची प्रत्यक्ष रचनाही उघड केली आणि २००३ साली तो रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. महाडच्या दवाखान्यात जे मारक होते, तेच परदेशच्या प्रयोगशाळेत ज्ञानाचे साधन ठरले.

तथापि पहिल्या कडीचा प्रश्न शिल्लक होता. प्राझोसिन विषाचे परिणाम आवरते. विष मात्र शरीरात राहते. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून घोड्यांच्या रक्तापासून विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार झाले. त्याचा उपयोग किती, हे पाहण्यासाठी बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांचे दोन सारखे गट केले. एका गटास केवळ प्राझोसिन दिले, दुसऱ्यास त्याच्या जोडीला प्रतिविष. १० तासांनी दुसऱ्या गटातील ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झालेले होते. पहिल्या गटातील अवघे ८. बरे होण्यास लागणारा सरासरी वेळ सुमारे १८ तासांवरून ८ तासांवर आला. हे निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणास काय दिले हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते आणि रुग्णांची संख्याही लहान होती, ही ह्या परीक्षेची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. परंतु ज्या प्राझोसिनमुळे त्यांची कीर्ती झाली, त्या प्राझोसिनलाच त्यांनी स्वतः कसोटीवर उभे केले आणि ते एकटे अपुरे पडते हे जगाला सांगितले. संशोधकाच्या सचोटीचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

ह्या साऱ्या इतिहासातून खेड्यातील माणसाने घ्यावयाची गोष्ट थोडकी आहे. विंचू चावल्यावर नुसताच ठणका असेल तर घाबरून जाऊ नये. परंतु उलटी, घाम आणि गार हातपाय ही लक्षणे दिसताच एक क्षणही दवडू नये. प्राझोसिन रक्तदाब एकदम उतरवू शकते; म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि रुग्णाला आडवे ठेवूनच घ्यावयाचे असते. औषध ठाऊक आहे, त्याचे लक्ष्य ठाऊक आहे, प्रतिविषही सिद्ध झालेले आहे. आता माणूस दगावतो तो बहुधा ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर दंश आणि दवाखाना ह्यांमधील अंतरामुळे. ते अंतर कापण्यासाठी रस्ता हवा, आरोग्य केंद्राच्या कपाटात औषध हवे, आणि त्याआधी घरच्या माणसांचे पाऊल मांत्रिकाच्या दाराकडे न वळता दवाखान्याकडे वळावयास हवे. शास्त्रज्ञाने शोधलेला उतारा तेथपर्यंत पोचला, तरच तो खरा उतारा होय.