सौम्य की मारक? : स्नायूंच्या अर्बुदांच्या वर्गीकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
शरीरातील गाठ सौम्य आहे की मारक, या निदानावर रुग्णाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. स्नायूऊतकांतील अर्बुदांच्या बाबतीत हा निर्णय कोणत्या आधारावर घेतला गेला, तो आधार काळानुसार कसा बदलला आणि त्याचे परिणाम कोणी भोगले, याचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

बीजशब्द : अर्बुद, स्नायूऊतक, फायब्रॉइड, सार्कोमा, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना :
मानवी शरीरात स्नायूंचे तीन प्रकार आढळतात. हातापायांचे रेखित किंवा ऐच्छिक स्नायू, गर्भाशय, आतडे व रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील अरेखित स्नायू आणि हृदयाचा स्नायू. रेखित स्नायूच्या सौम्य अर्बुदास ऱ्हॅब्डोमायोमा व मारक अर्बुदास ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा म्हणतात. अरेखित स्नायूच्या बाबतीत हीच जोडी लियोमायोमा व लियोमायोसार्कोमा अशी आहे. गर्भाशयातील लियोमायोमा सर्वसामान्यांना 'फायब्रॉइड' या नावाने परिचित आहे. सौम्य गाठ आपल्या जागी राहते, तर मारक गाठ शेजारच्या ऊतकांत शिरते व रक्तावाटे दूरच्या अवयवांत पोहोचते. पाठ्यपुस्तकात ही विभागणी अगदी स्पष्ट दिसते. इतिहासात मात्र ती तशी कधीच नव्हती.

२. प्राचीन वैद्यकातील विचार :
मराठीत आज रूढ असलेला 'अर्बुद' हा शब्द आयुर्वेदातून आला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा विचार केलेला आहे. तेथे अर्बुदाचे सहा प्रकार सांगितले असून त्यांपैकी एक मांसार्बुद होय. मुष्टिप्रहारासारख्या आघाताने मांस दूषित होऊन वेदनारहित, दगडासारखी कठीण व न हलणारी सूज निर्माण होते आणि ती असाध्य असते, असे तेथील वर्णन आहे. एका अर्बुदावर दुसरे अर्बुद उद्भवल्यास तेही असाध्य मानले आहे.

मांसार्बुद म्हणजेच आजचा सार्कोमा, असे समीकरण मांडणे योग्य ठरणार नाही, कारण दोन्हींमागील शरीरविचार भिन्न आहेत. तथापि साध्य व असाध्य हा भेद गाठीचा कठीणपणा, स्थिरता व पुनरुद्भव यांवरून करण्याची दृष्टी येथे दिसते. गाठ हाताने चाचपून तिचे भवितव्य ठरविण्याची ही पद्धत पुढे अनेक शतके, पूर्वेकडे व पश्चिमेकडेही, टिकून राहिली.

३. सूक्ष्मदर्शक आणि नामकरण :
१८४० च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्ट कोलिकर यांनी अरेखित स्नायू हा स्वतंत्र पेशींचा बनलेला असतो हे दाखविले. त्यानंतरच्या दशकात रुडोल्फ विर्शो यांनी गर्भाशयातील गाठींचे मूळ या स्नायूत असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा 'पेशीय विकृतिशास्त्र' हा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीची ओळख आता तिच्या बाह्य रूपावरून न होता ती ज्या पेशींसारखी दिसते त्यांवरून होऊ लागली. असे असूनही तंतुमय गाठ सुचविणारे 'फायब्रॉइड' हे नाव मागे पडले नाही. मुळाशी विसंगत असलेले हे नाव आजही व्यवहारात आहे.

रेखित स्नायूच्या मारक अर्बुदाचे पहिले वर्णन १८५४ मध्ये वेबर यांनी केले असे मानले जाते. १८६२ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी एका नवजात बालकाच्या हृदयातील स्नायूगाठींची नोंद केली. हृदयातील अशा गाठी पुष्कळदा वय वाढताना आपोआप लहान होतात, हे पुढे लक्षात आले.

केवळ साम्यावर विसंबल्यामुळे चुकाही झाल्या. १९२६ मध्ये अब्रिकोसॉफ यांनी एका गाठीला 'मायोब्लास्टोमा' म्हणजे स्नायूजनक पेशींचे अर्बुद असे नाव दिले. पुढील संशोधनातून तिचे मूळ चेतातंतूंच्या आवरणातील पेशींत असल्याचे सिद्ध झाले. आर्थर पर्डी स्टाउट यांनी १९४६ मध्ये प्रौढांच्या रेखित स्नायूंतील मारक अर्बुदांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. पण त्या काळी या नावाखाली गणलेल्या अनेक गाठी १९६० नंतर दुसऱ्या नावाखाली गेल्या, आणि तेही नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणातून वगळले गेले.

४. बालरुग्ण आणि सामूहिक संशोधन :
१९५८ मध्ये हॉर्न व एंटरलाइन यांनी ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाचे चार प्रकारांत वर्गीकरण केले. मुलांमधील गाठी व प्रौढांमधील गाठी यांचे स्वरूप वेगळे असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. हा आजार विरळ असल्याने कोणत्याही एका रुग्णालयाकडे पुरेसे रुग्ण नसत. म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेत अनेक संस्थांनी एकत्र येऊन सामूहिक अभ्यास सुरू केला. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन-डी व सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे यांचा मेळ त्यात घालण्यात आला. पाच वर्षे जगणाऱ्या मुलांचे प्रमाण पहिल्या अभ्यासात सुमारे ५५ टक्के होते. १९८४ ते १९९१ मधील तिसऱ्या अभ्यासात ते सुमारे ७१ टक्क्यांवर गेले. औषधांचा गुण दिसू लागल्यावर मूत्राशयासारखे अवयव काढून टाकण्याचे प्रमाणही कमी झाले. आजार शरीरभर पसरलेल्या मुलांना मात्र या प्रगतीचा लाभ फारच थोडा मिळाला.

१९९३ मध्ये या रोगाच्या एका प्रकारात दुसऱ्या व तेराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून तयार होणारे संयुक्त जनुक ओळखले गेले. पेशीच्या रूपाबरोबरच जनुकातील बदल हाही आता वर्गीकरणाचा आधार झाला.

५. गर्भाशयातील गाठी : सीमारेषेचा प्रश्न :
सौम्य व मारक यांमधील सीमारेषेचा प्रश्न सर्वाधिक स्त्रियांच्या वाट्याला आला. १८५३ मध्ये अमेरिकेतील लोवेल येथे वॉल्टर बर्नहॅम यांनी बीजांडकोशाची गाठ समजून एका स्त्रीचे पोट उघडले. आत गर्भाशयाची गाठ निघाली, गर्भाशय काढावे लागले आणि ती स्त्री वाचली. त्यांनी पुढे केलेल्या अशा शस्त्रक्रियांतील बहुसंख्य स्त्रिया मात्र दगावल्या. गाठ सौम्य, पण उपाय प्राणघातक, अशी ती अवस्था होती. विसाव्या शतकात इंग्लंडमधील व्हिक्टर बॉनी यांनी गर्भाशय राखून केवळ गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा आग्रहाने पुरस्कार केला.

दरम्यान सूक्ष्मदर्शकाखाली विभाजन पावणाऱ्या पेशी मोजून गाठ मारक ठरविण्याची पद्धत रूढ झाली. १९९४ मध्ये बेल, केम्पसन व हेंड्रिक्सन यांनी २१३ संदिग्ध गाठींच्या अभ्यासातून ही मोजणी एकटी पुरेशी नसल्याचे दाखविले. पेशींचे विकृत रूप व ऊतकमृत्यूचा प्रकार यांचाही एकत्रित विचार आवश्यक ठरला. ज्या गाठींबाबत निश्चित सांगता येत नाही त्यांच्यासाठी 'मारकता अनिश्चित' असा स्वतंत्र वर्गही मान्य झाला. अनिश्चितता मान्य करण्याची ही शास्त्रीय प्रामाणिकता विशेष उल्लेखनीय आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी मात्र अशी तपासणी होत नसे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करताना गाठीचे तुकडे करून ती बाहेर काढणारे विद्युत उपकरण प्रचारात आले. लपलेला सार्कोमा असल्यास त्याचे कण पोटात पसरण्याचा धोका त्यात होता. १७ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीस गर्भाशयाचा सार्कोमा असू शकतो, असा त्या वेळचा अंदाज होता. नंतरच्या काही अभ्यासांनी हे प्रमाण बरेच कमी असल्याचे मत मांडले आणि हा वाद पुढेही चालू राहिला.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात :
मारकतेची भीती उलट दिशेनेही काम करते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासकीय समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या सर्वांना गाठी होत्या असे नव्हे. कामाचे खाडे, मजुरीतील कपात व आरोग्यसेवेचा अभाव ही त्यामागील कारणे होतीच. परंतु 'पुढे कर्करोग होईल' अशी भीती दाखविली गेल्याचेही अनेकींनी सांगितले. सूक्ष्मदर्शकाखाली पोहोचण्यापूर्वीच 'मारक' हा शब्द येथे निर्णय घेऊन मोकळा झाला होता.

७. निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) 'सौम्य' व 'मारक' हे केवळ गाठीचे गुणधर्म नसून उपलब्ध साधनांच्या आधारे केलेले निदान आहे. स्पर्श, सूक्ष्मदर्शक, पेशीविभाजनाची मोजणी व जनुक असा त्याचा आधार बदलत गेला.
२) चुकीच्या नामकरणाची दुरुस्ती हे या शास्त्राचे अपयश नसून त्याच्या प्रगतीचा मार्ग आहे.
३) खरी हानी संदिग्धता दडपल्याने होते. अमेरिकेत धोका गृहीत न धरल्याने, तर बीडमध्ये तो अकारण गृहीत धरल्याने स्त्रियांना किंमत मोजावी लागली.
४) म्हणून काढलेल्या प्रत्येक गाठीची विकृतिशास्त्रीय तपासणी होणे आणि तिचा अर्थ रुग्णास तिच्या भाषेत समजावून सांगणे, ही वैद्यकीय व सामाजिक अशी दुहेरी जबाबदारी ठरते.