चिमटा, काच आणि डोळ्यांची खूण

अनपेक्षित आनंदाची बातमी कळली की आपण म्हणतो, ‘स्वप्न तर नाही ना, म्हणून स्वतःलाच चिमटा काढून पाहिला!’ चिमटा दुखला म्हणजे आपण जागे, असा या परीक्षेमागचा समज. पण स्वप्नातही चिमटा काढता येतो आणि तो दुखल्यासारखा वाटूही शकतो. मग आपण जागे आहोत की स्वप्नात, हे ओळखायचे कसे?

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगते, ही गोष्ट अॅरिस्टॉटलनेही नोंदवली होती. तिबेटी बौद्ध साधनेत तर दिवसा भोवतालचे सारे स्वप्नवत मानायचे आणि त्या सरावाने रात्री स्वप्नात भान मिळवायचे, अशी जुनी परंपरा आहे. युरोपात हर्वे द सँ-दनी या चिनी भाषेच्या फ्रेंच अभ्यासकाने तेराव्या वर्षापासून स्वप्ने लिहून ठेवली आणि १८६७ साली त्यांवर पुस्तक काढले, तेही निनावी. विद्वानाने स्वप्नांच्या नादी लागणे त्या काळी फारसे प्रतिष्ठेचे नसावे!

‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ केला तो फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने, १९१३ सालच्या एका निबंधात. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू. १८९८ ते १९१२ या काळात व्हान एडनने स्वतःची अशी ३५२ स्वप्ने नोंदवली. त्यांतले ९ सप्टेंबर १९०४ चे स्वप्न आम्हांला विशेष आवडते. आपण स्वप्नात आहोत हे ओळखून या गृहस्थाने तिथेच प्रयोग मांडला. काचेच्या तुकड्यावर दगड मारला, काच फुटेना. मग मद्याच्या नाजूक पेल्यावर जोरात मूठ हाणली, तोही शाबूत. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर पेला फुटलेला! काच फुटली, पण उशिरा. पुढे त्याने तुकडे खिडकीबाहेर फेकले. खळखळाट ऐकू आला आणि दोन कुत्रे दचकून पळालेही. स्वप्नातले जग हुबेहूब होते, फक्त कार्यकारणाचा मेळ एका जागी चुकला होता.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय याने १९५९ पासून ही तपासणी उलट बाजूने वापरली. दिवसातून पाच-दहा वेळा थांबून ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?’ असे स्वतःला मनापासून विचारायचे. सवय मुरली की तोच प्रश्न स्वप्नातही पडेल, अशी अपेक्षा. या प्रश्नाला जोड म्हणून पुढे अनेक तपासण्या प्रचारात आल्या. छापलेली ओळ वाचून नजर वळवायची आणि पुन्हा वाचायची; स्वप्नात ती बहुधा बदललेली असते, कारण तिला धरून ठेवणारा खरा कागद समोर नसतो. किंवा नाक दाबून श्वास घेऊन पाहायचा. स्वप्नातला हात नाक दाबतो; अंथरुणावरच्या देहाचे नाक मोकळेच असते, त्यामुळे श्वास चालू राहतो.

हे सारे खरे कशावरून? झोपलेला माणूस ‘मी झोपलो आहे’ असा निर्णय करूच शकत नाही, असे अमेरिकन तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम याने १९५९ साली पुस्तक लिहून मांडले होते. ही माणसे मध्येच क्षणभर जागी होत असावीत, असेही पुष्कळ संशोधकांना वाटे. आक्षेप रास्त होता. काचेच्या पेल्याला साक्षीदार एकच, आणि तोही झोपलेला!

उत्तर शरीरातच सापडले. ज्या झोपेत डोळे झपाट्याने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात, त्या ‘रेम’ झोपेचा शोध १९५३ मध्ये लागला होता. तिच्यात हातापायांचे स्नायू लुळे पडतात. डोळ्यांचे मात्र हलत राहतात. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न याने अॅलन वर्सली याच्याशी खूण ठरवली : स्वप्नात भान आले की डोळे डावीकडून उजवीकडे आठ वेळा फिरवायचे. खूण कागदावर उमटली, आणि त्याच वेळी मेंदूच्या लहरी व स्नायूंची नोंद रेम झोपेचीच होती. हर्नच्या कामाची माहिती नसताना अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज याने तसाच पुरावा मिळवला; त्याचा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण सजग स्वप्ने खरी ठरली म्हणून दिवसाच्या तपासण्या उपयोगी ठरतातच असे नाही. ऑस्ट्रेलियात डेनहोम अॅस्पी याने २०१७ साली १६९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या तपासण्या करणाऱ्यांना आठवड्याभरात विशेष फायदा झाला नाही. पाच तासांनी उठून, ‘पुढच्या स्वप्नात मला आठवेल की मी स्वप्नात आहे’ असे घोकत पुन्हा झोपण्याची लाबर्जची रीत जोडली, तेव्हा यश १७ टक्क्यांवर गेले. अर्थात मुलांनी यासाठी रोज झोपमोड करू नये, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

२०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती? एकाने डोळे दोनदा फिरवले. साधारण पाचांतल्या एका प्रयत्नालाच बरोबर उत्तर मिळाले. स्वप्न पाहणाऱ्यांपैकी काहींना मात्र प्रश्न स्वप्नातल्या रेडिओवरून आल्यासारखा ऐकू आला होता.