लांब पल्ल्याचे ट्रकचालक (भारत)

लांब पल्ल्याचे ट्रकचालक म्हणजे मालवाहू ट्रक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शेकडो किलोमीटर चालवत नेणारे व्यावसायिक चालक होत.

कौशल्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रत्यक्षात अनेक जण आधी क्लीनर म्हणून राहून हे काम शिकतात. कसारा घाट किंवा बोरघाट उतरताना भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग आवरावा लागतो. केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होऊ शकतात. मालाचा तोल, ताडपत्रीचे दोर व टायरची झीज यांवरही चालकाला लक्ष ठेवावे लागते.

मोबदला व कामाचे तास

वेतन मासिक किंवा फेरीनिहाय असते. फेरीनिहाय पद्धतीत माल चढवण्या-उतरवण्यासाठी खोळंबलेला वेळ चालकाच्या कमाईतून जातो. तो भरून काढताना झोप कमी होते. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने कामाला दिवसाला ८ तासांची, तर लांब पल्ल्यासाठी परवानगीने कमाल १० तासांची मर्यादा घातली. मात्र हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता होता. त्यामुळे एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकांकडील चालक या संरक्षणाबाहेर राहिले.

व्यक्तिगत जीवन

सणवार, घरातील आजारपण व मुलांचे शिक्षण या काळात चालक बहुधा रस्त्यावर असतो. केबिनमधील अपुरी झोप व सततची बैठक यांमुळे पाठदुखीसारखे विकार जडतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्मित मध्यम व अवजड ट्रकांत वातानुकूलित केबिन बंधनकारक करण्यात आली आहे.